काटा मोडून सौदा होत नाही



जिल्हा बैठकीच्या पत्रकात इराणचा विषय कशाला, असे कोणी विचारले तर त्याचे काही चुकले नाही. कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेचे बिल, बँकेची नोटीस हे आपल्या घरचेच विषय संपत नाहीत. पण २०२५ सालचा जून आठवा. मृग लागला होता, लोक पेरणीच्या तयारीत होते. १३ जूनला पहाटे इस्रायलच्या विमानांनी इराणवर बाँब टाकले. युद्धाच्या भीतीने इस्रायलने आपल्या समुद्रातल्या काही वायुविहिरी बंद केल्या. त्या वायूवर चालणारे इजिप्तमधले युरियाचे कारखाने त्याच दिवशी थंड पडले. इराणमधलेही कारखाने बंद ठेवावे लागले. जगाच्या बाजारात युरिया कडाडला. भारत हे युरियाचे जगातले मोठे गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे पोत्याची किंमत सरकारने बांधलेली, म्हणून दुकानात भाव वाढलेला दिसत नाही. पण बाहेरचा माल महाग झाला, जहाज लांबले, की दुकानापुढची रांग वाढते आणि त्या रांगेत आपणच उभे असतो.

म्हणजे तेहरानचा अणू आपल्या बांधापर्यंत येतोच. तो कसा येतो आणि हे भांडण इतकी वर्षे का मिटले नाही, याचा २००२ ते २०२५ पर्यंतचा हिशेब आम्ही इथे मांडत आहोत. आम्ही ना इराणच्या राज्यकर्त्यांचे वकील, ना अमेरिकेचे, ना इस्रायलचे. आम्ही हिशेब बघतो.

अणूचे साधे गणित

खाणीतून निघणाऱ्या युरेनियमच्या हजार भागांत कामाचे भाग सातच असतात. ते वेगळे काढून त्यांचे प्रमाण वाढवत नेणे याला समृद्धीकरण म्हणतात. डेअरीत मलई काढायचे यंत्र दूध गरगर फिरवून हलके आणि जड वेगळे करते, ते आपण पाहिले आहे. सेंट्रिफ्यूज नावाचे यंत्र युरेनियमच्या वायूचे तेच करते, फक्त कितीतरी पट वेगाने. प्रमाण तीन ते पाच टक्क्यांवर नेले की वीज करता येते. नव्वद टक्क्यांच्या आसपास नेले की बाँब करता येतो. यंत्र तेच, वायू तोच, माणसेही तीच. आणि चार टक्क्यांपर्यंत पोचण्यातच निम्म्याहून अधिक कष्ट होऊन जातात. साठ टक्क्यांवर गेलेल्याला नव्वद फार लांब राहत नाही.

म्हणून इराणच्या मनात वीज आहे की बाँब आहे, यावर वाद घालून काही हाती लागत नाही. मनातले मोजणारा काटा कोणी काढलेला नाही. मोजता येतो तो माल. यंत्रे किती, किलो किती, टक्के किती. सगळा प्रश्न एवढ्यावर येऊन थांबतो : मोजायला माणूस आत आहे की बाहेर?

काटा बसला होता तेव्हा

इराणला पहिली अणुभट्टी दिली ती अमेरिकेनेच. तेहरानची संशोधन भट्टी १९६७ साली सुरू झाली, तेव्हा तिथे शहाचे राज्य होते आणि शहा अमेरिकेचा दोस्त होता. अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर इराणने सही केली आणि १९७० पासून तो देश त्या कराराने बांधला गेला. १९७९ साली क्रांती झाली, दोस्तीचे वैर झाले. पुढे २००२ साली देशाबाहेरच्या विरोधकांनी नतान्झ आणि अराक इथली कामे जगापुढे उघड केली. २००९ साली कोम शहराजवळ डोंगराच्या पोटात खोदलेला फोर्दोचा कारखाना उघडा पडला. इराणच्या राज्यकर्त्यांनी लपवाछपवी केली, यात वाद नाही.

त्यावर दंडुका उगारला गेला. २००६ ते २०१० या काळात संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ठरावामागून ठराव करून निर्बंध लादले. २०१२ साली युरोपने इराणचे तेल घेणे थांबवले आणि इराणच्या बँकांना जगाच्या देवघेवीच्या यंत्रणेतून तोडले. इराणची तेलविक्री दोन वर्षांत निम्म्यावर आली. मग अणूचे काम थांबले का? २००३ साली इराणकडे सेंट्रिफ्यूज यंत्रे शे-दीडशेच्या घरात होती. २०१३ साली ती एकोणीस हजारांच्या घरात गेली. निर्बंध वाढत गेले, यंत्रेही वाढत गेली.

मग दोन्ही बाजू बोलायला बसल्या. १४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्नात करार झाला. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपीय संघ. सौदा सरळ होता. इराणने पंधरा वर्षे ३.६७ टक्क्यांच्या वर जायचे नाही. तीनशे किलोपेक्षा जास्त समृद्ध माल जवळ ठेवायचा नाही. फोर्दोत समृद्धीकरण करायचे नाही. दहा वर्षे यंत्रे सहा हजारांच्या आसपासच ठेवायची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना खाणीपासून कारखान्यापर्यंत सगळे पाहू द्यायचे. बदल्यात निर्बंध उठवायचे. डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे अकरा टन समृद्ध माल जहाजावर चढवून रशियाला पाठवला गेला. जानेवारी २०१६ मध्ये निर्बंध उठले. त्यानंतर निरीक्षकांनी अहवालामागून अहवालात लिहिले की युरेनियमच्या मर्यादा इराण पाळतो आहे.

८ मे २०१८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी या करारातून अंग काढून घेतले आणि निर्बंध पुन्हा लादले. माल ठरल्याप्रमाणे भरत होता, काटा बरोबर होता, आणि तरी गिऱ्हाईकाने सौदापट्टी फाडली. इराण एक वर्ष थांबला. मग एकेक मर्यादा ओलांडत गेला. एप्रिल २०२१ पासून साठ टक्क्यांचे समृद्धीकरण सुरू झाले. जून २०२२ मध्ये संस्थेचे सत्तावीस कॅमेरे काढून टाकले गेले.

२०२५ च्या एप्रिलमध्ये ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि इराण यांची बोलणी पुन्हा सुरू झाली. पाच फेऱ्या झाल्या. सहावी १५ जूनला मस्कतमध्ये व्हायची होती. १३ जूनला इस्रायलचे बाँब पडले आणि २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानवर बाँब टाकले. २४ जूनला लढाई थांबली. इमारती मोडल्या, पण माल कुठे गेला? हल्ल्याच्या वेळी इराणकडे साठ टक्क्यांचा ४४० किलो माल असल्याचा अंदाज संस्थेने दिला होता. संस्थेच्याच मापाने असा साधारण ४२ किलो माल आणखी शुद्ध केला तर एका बाँबपुरता होतो. जुलैत इराणने कायदा करून संस्थेशी सहकार्य स्थगित केले. २०२५ संपेपर्यंत निरीक्षकांना तो ४४० किलोचा ढीग डोळ्यांनी पाहून मोजता आलेला नव्हता.

हिशेब मांडून पाहा. करार पाळला जात होता तेव्हा तीनशे किलो, तोही हलका, आणि त्यातला किलो न् किलो वहीत नोंदलेला. करार मोडल्यावर, निर्बंध घातल्यावर, बाँब टाकल्यावर ४४० किलो जड माल, आणि वही कोरी. बाजार समितीत मापाडी ना शेतकऱ्याचा असतो ना व्यापाऱ्याचा. काट्यात खोट असू शकते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण काट्यात खोट निघाली तर काटा दुरुस्त करतात. काटा फोडून कोणी माल मोजत नाही.

बंदी कोणाला लागते?

निर्बंध म्हणजे काय, हे कापूसवाल्यांना समजावून सांगायची गरज नाही. आपल्या राज्यात १९७२ पासून तीस वर्षे कापसाची एकाधिकार खरेदी होती. राज्याच्या सीमेवर नाकी होती. कापूस थांबला का? ज्याच्याकडे ट्रक होता, नाक्यावर ओळख होती, त्याचा कापूस रात्रीतून पलीकडे गेला. बैलगाडीवाला मात्र केंद्राबाहेर रांगेत बसला. जगाची बंदीही अशीच चालते. इराणचे तेल चोरवाटेने विकले जातच राहिले. ते विकण्याची यंत्रणा ज्यांच्या हाती, त्या क्रांतिरक्षक दलाचे आणि त्यांच्या कंपन्यांचे बळ वाढले. सरळ व्यापार करणारा बुडाला, बंदूकवाला व्यापारी झाला.

अन्न आणि औषधे निर्बंधांतून वगळली आहेत, असे कागदावर लिहिलेले असते. पण पैसे कोणत्या बँकेतून जाणार? जहाजाचा विमा कोण उतरवणार? २०१९ सालची गोष्ट आहे. बवंद आणि टर्मेह ही इराणची दोन जहाजे युरिया घेऊन ब्राझीलला गेली होती आणि तिथून मका भरून परत यायची होती. परानाग्वा बंदराजवळ ती आठवडेच्या आठवडे अडकून पडली, कारण निर्बंधांच्या भीतीने ब्राझीलची तेल कंपनी त्यांना इंधन देईना. शेवटी ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने हुकूम केला तेव्हा जुलैअखेर इंधन मिळाले. एका देशाच्या शेतकऱ्याचा युरिया, दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याचा मका. यात अणू कुठे होता?

इराणी चलनाचे काय झाले ते पाहा. करार झाला तेव्हा खुल्या बाजारात एका डॉलरला तीस-पस्तीस हजार रियाल पडत होते. २०२५ च्या डिसेंबरअखेर चौदा लाख पडू लागले. राज्यकर्त्यांचे पैसे सोन्यात, जमिनीत आणि परदेशात असतात. बुडाला तो पगारदार, फळवाला, मेंढपाळ. त्या डिसेंबरात तेहरानच्या बाजारातल्या दुकानदारांनी शटर ओढली, ती याच कारणाने.

आणि शेती? हे आम्हाला विशेष सांगायचे आहे, कारण कृषी महाविद्यालयात आम्ही हेच शिकलो आहोत. इराण आपल्यापेक्षा कितीतरी कोरडा देश आहे. तिथला सरासरी पाऊस वर्षाला अडीचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांच्याही निम्मा. चारही बाजूंनी नाकेबंदी झालेल्या देशाचे सरकार काय म्हणणार? गहू आपलाच पिकला पाहिजे. स्वावलंबनाची घोषणा झाली, धरणे बांधली, लाखो विहिरी आणि बोअर खोदले गेले. देशातले नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी शेतीत जाऊ लागले. भूजल इतके उपसले गेले की कित्येक मैदानांत जमीन खचली. उर्मिया सरोवर आटत गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये इस्फहानचे शेतकरी जायंदेरूद नदीच्या कोरड्या पात्रात पाण्यासाठी ठिय्या देऊन बसले, आणि त्यांच्याच सरकारच्या पोलिसांनी त्यांना तिथून हुसकावले. सगळा दोष निर्बंधांचा नाही. पाण्याची ठेकेदारी आणि धरणांचा हव्यास हा तिथल्या राज्यकर्त्यांचा आहे. पण ज्या देशाला बाहेरून धान्य घेण्याचा भरवसा नाही, तो देश आपल्या जमिनीखालचे पाणी पिकाच्या रूपाने खाऊन टाकतो. बाहेरच्या बंदीने आतल्या चुकीला देशभक्तीचे नाव मिळवून दिले.

आता आपला धागा. विदर्भ-मराठवाड्यात ज्वारी-कापसाच्या रानात सोयाबीन आले. सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर अधिक ठरतो. इराण हे आपल्या पेंडीचे मोठे गिऱ्हाईक होते. २०१२ नंतर भारताने इराणच्या तेलाचे काही पैसे कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत भरायचे आणि त्याच रुपयांतून इराणने आपली पेंड, बासमती, चहा, औषधे घ्यायची, अशी सोय होती. मे २०१९ मध्ये अमेरिकेने सवलत काढली. भारताने इराणचे तेल घेणे बंद केले. खात्यात नवे रुपये येईनात, जुने आटत गेले आणि गिऱ्हाईकही आटले. या निर्णयाच्या वेळी सोयाबीनवाल्याला कोणी विचारले होते का?

बांधावरचे शेजारी

काही जण म्हणतात, प्रश्न अणूचा नाही, शेजाऱ्यांच्या वैराचा आहे. त्यात तथ्य आहे. इराणला १९८० ते १९८८ हे इराकशी झालेले युद्ध विसरता येत नाही. त्यात इराकने विषारी वायू वापरला आणि जग गप्प बसले. इस्रायलला इराणच्या राज्यकर्त्यांच्या त्याला मिटवण्याच्या घोषणा आणि लेबनॉनमधल्या हिजबुल्लासारख्या संघटनांना मिळणारी इराणी शस्त्रे विसरता येत नाहीत. इस्रायलने स्वतः प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही, आणि त्याच्याकडे अण्वस्त्रे आहेत असे सारे जग मानते. सौदी अरेबिया आणि इराण यांनी येमेनमध्ये एकमेकांविरुद्धचे गट पोसले. २०१८ साली सौदी युवराजांनी जाहीरच सांगितले की इराणने बाँब केला तर आम्हीही लवकरात लवकर करू. एकाने बांध कोरला की दुसरा कोरतो, तसेच हे.

२०१५ च्या कराराची खरी उणीव इथे होती. बांधाला बांध लागून असलेले शेजारी टेबलावर नव्हते. क्षेपणास्त्रांचा विषय नव्हता, परक्या देशांतल्या सशस्त्र गटांचा नव्हता. इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या संसदेत जाऊन कराराविरुद्ध बोलले. सौदीही नाराज होते.

पण पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदीच्या अबकैक तेलकेंद्रावर हल्ला झाला, आणि कोणाच्या छत्रीखाली आपण कोरडे राहणार नाही हे सौदींना कळले. मार्च २०२३ मध्ये बीजिंगमध्ये इराण आणि सौदी यांनी सात वर्षे तुटलेले संबंध पुन्हा जोडले. जून २०२५ मध्ये इराणवर हल्ला झाला तेव्हा सौदीने त्याचा निषेध केला. वैर संपले म्हणून नव्हे. आखाती देश समुद्राचे पाणी गोडे करून पितात आणि इराणची बुशहरची अणुभट्टी त्याच समुद्राच्या काठावर आहे. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून २०२४ साली जगाच्या वापराच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाचे तेल गेले. शेजाऱ्याच्या गंजीला आग लागली तर आपली गंजी वाचत नाही, हे ज्याला समजले तो बोलणी मागतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप : इराणच्या राज्यकर्त्यांवर विश्वास कसा ठेवायचा? स्वतःच्या लोकांवर गोळ्या झाडणारे ते, २०१९ आणि २०२२ ची आंदोलने रक्तात बुडवणारे ते. आमचे उत्तर असे की विश्वास ठेवूच नये. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडे काटा न्यावा लागत नाही. काटा अविश्वासासाठीच असतो.

दुसरा आक्षेप : करार मुदतीचा होता, दहा-पंधरा वर्षांनी मोकळे रान होते. खरे आहे. पण मुदत संपण्याआधी बसून नवी मुदत ठरवता येते. २०१८ साली मुदतीची पहिली तीन वर्षेही संपली नव्हती.

आपण काय मागायचे?

भारताला या प्रश्नात बोलण्याचा अधिकार आहे, कारण आपण बंदी सोसली आहे. मे १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या आणि अमेरिकेने आपल्यावर आणि पाठोपाठ पाकिस्तानवर निर्बंध घातले. त्या वेळची एक गोष्ट प्रत्येक बैठकीत सांगावी अशी आहे. पाकिस्तान हा अमेरिकी गव्हाचा मोठा खरेदीदार होता आणि निर्बंधांमुळे ती विक्री अडणार होती. अमेरिकेच्या गहू पिकवणाऱ्यांनी गलका केला. जुलै १९९८ मध्येच अमेरिकेच्या संसदेने कायदा करून शेतमालाच्या विक्रीसाठीचे कर्ज त्या निर्बंधांतून मोकळे केले. अणुबाँबवरून घातलेली बंदी शेतकऱ्याच्या पोत्यापुरती दोन महिन्यांत उठली! तिथला शेतकरी आपल्या सरकारला सांगू शकतो की तुमच्या भांडणात माझा गहू आणू नका. मग आपण का सांगू नये?

आपल्या सरकारने २००५ साली अणुसंस्थेत इराणविरुद्ध मत दिले आणि २०१९ साली अमेरिकेच्या शब्दावर तेल बंद केले. दोन्ही वेळा हिशेब दिल्लीत झाला, किंमत गावात चुकवली. म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो.

एक : कोणत्याही देशावरच्या निर्बंधांत अन्नधान्य, पेंड, खते आणि औषधे यांचा व्यापार अडू नये. नुसती कागदावरची सूट नको, त्यासाठी पैसे देण्याघेण्याची बँकेची वाट भारत सरकारने कायम उघडी ठेवावी.

दोन : अणुसंस्थेच्या निरीक्षकांना मोजणीला आत घेणे आणि त्या बदल्यात व्यापार मोकळा करणे, या एकाच पायावर बोलणी व्हावीत, आणि आखातातले शेजारी त्या टेबलावर असावेत, अशी भूमिका भारताने जाहीरपणे घ्यावी.

तीन : चाललेल्या बोलण्यांच्या मध्ये बाँब टाकणाऱ्याला, तो दोस्त असला तरी, चूक म्हणण्याचे धैर्य दाखवावे.

असले ठराव करून दिल्ली हलत नाही, असे कोणी म्हणेल. एका ठरावाने हलत नाही हे खरे. पण अमेरिकेचा गहू शेतकरी बोलला म्हणून त्याचा गहू सुटला, आणि आपण बोललो नाही म्हणून आपली पेंड अडकली. तेव्हा या तीन मागण्यांवर प्रत्येक तालुक्याने आपल्या बैठकीत चर्चा करावी, ठराव लिहून काढावा आणि त्याची एक प्रत आपल्या खासदाराच्या हातात नेऊन द्यावी. पोस्टाने पाठवू नये. हातात द्यावी, आणि उत्तर मागावे.